पाच डझन मुकुट

कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी बसतो, पाणी पितो, पंख्याखालची जागा धरतो. काका आधी भिंतीवरची तसबीर खाली उतरवायचे आणि उलटी करून बघायचे. मागची फळी कसली, खिळे किती, दोरी आहे की तार, वाळवीने कुठे तोंड घातलंय का. पुढच्या बाजूला देव आहे की घरमालकाचे आजोबा, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. आमच्या संग्रहालयाच्या अध्यक्षांकडे सत्यनारायण होता. आरती ऐन रंगात आलेली असताना यांनी अध्यक्षांच्या कैलासवासी वडिलांचा फोटो हारासकट खाली काढला. आरती संपवून सगळे वळले तर काका फोटो मांडीवर पालथा घालून बसलेले.

"बापूस बरो आसा," ते अध्यक्षांना म्हणाले, "पण चौकट लोकाची आसा."

अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बोलणं खरं होतं. ती चौकट मूळची शाळेतल्या कुठल्याशा निरोपसमारंभाच्या फोटोची होती आणि वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या घाईत तिच्यात वडील बसवले होते, हे अध्यक्षांच्या पत्नीने प्रसाद देता देता मला हळूच सांगितलं.

मालवणपासून जरा आत, बंद पडलेल्या एका शाळेच्या कौलारू इमारतीत आमचं संग्रहालय होतं. म्हणजे अजूनही आहे, मी तिथे नाही इतकंच. दशावतारी नाटकांचं सामान, होड्यांच्या हातभर लांब प्रतिकृती, लाखेची खेळणी, गंजिफांच्या गोल पत्त्यांचे जुने डाव, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतानाचे फोटो, भजनी मंडळाने दिलेली एक बाजाची पेटी. काका कागदोपत्री तिथले शिपाई. प्रत्यक्षात वस्तू ठेवायच्या पेट्या, फोटोंच्या चौकटी, वस्तू उभ्या करायचे स्टँड आणि या सगळ्याच्या किल्ल्या, हे त्यांचं राज्य होतं. उंच, हडकुळे, कानावर निळी पेन्सिल आणि तोंडात चुका. चुका म्हणजे बारीक खिळे, ज्यांनी पेटीच्या फळ्या ठोकतात त्या. चार-पाच तरी कायम ओठांत धरलेल्या असत, त्यामुळे त्यांचं बोलणं दातांतून यायचं. पहिले दोन महिने मला वाटत होतं की हा माणूस माझ्यावर रागावलेला आहे.

वाकडी झालेली चूक ते कधी टाकत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा करत आणि दुपारी जेवण झालं की व्हरांड्यात बसून एकेक दगडावर ठोकून सरळ करत. दुसरी माणसं जेवल्यावर पान खातात, तसं त्यांचं हे.

मूळचे ते देवगडकडचे, आंब्याच्या लाकडी पेट्या करणारे. हंगामात त्यांच्या अंगणात बागायतदारांची रांग लागायची असं ते सांगत. त्यावर काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, "रांग कसली, दोघे-तिघे येयत," अशी दुरुस्ती करत. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि अंगण रिकामं झालं. काका संग्रहालयात चिकटले, पण हात जुन्याच मापांना बसलेला. वस्तू कुठलीही असो, पेटी आंब्याच्याच मापाची. फळ्या घासून गुळगुळीत केलेल्या, आत धुतलेल्या जुन्या लुगड्याची गादी, कडेला हवेसाठी बोटभर फट. तसं काम मी नंतर मोठमोठ्या ठिकाणीही फार वेळा पाहिलं नाही.

मी कराडकडची. संग्रहालयशास्त्राची पदवी घेऊन, ती अजून गरम असतानाच इथे आले होते. संग्रहातली प्रत्येक वस्तू संगणकात चढवायची, हे माझं काम. संगणकात रकाने होते: वस्तूचं नाव, क्रमांक, साहित्य, माप, नग किती, कुठून मिळाली. मी भराभर भरत होते. काका मागे येऊन उभे राहिले.

"हेच्यात पेटी खंय लिवतंस?"

"बाजाची पेटी ना? लिहिली की. बेचाळीस नंबर."

"बाजाची न्हय गो. पेटयेची पेटी. ती ज्येच्यात ठेवललंय ती."

"काका, ती वस्तू नाही. वस्तू आत असते." मी शिकलेली होते, त्यामुळे मला हे पक्कं माहीत होतं.

काकांनी तोंडातल्या चुका काढून हातात घेतल्या. ते असं करायला लागले की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"ग्रामपंचायत नंबर कोणाक देता? घराक. तू घरात रवतंस म्हणान तुका देता काय? घर रिकामा पडला तरी नंबर ऱ्हवता मा?"

उदाहरण चोख होतं, म्हणून मी चिडले. म्हटलं, संगणकवाल्या कंपनीने जेवढे रकाने दिलेत तेवढेच भरायचे, तुमच्या फळ्यांसाठी नवा संगणक आणू का? फळ्या हा शब्द फार लागला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टेबलावर केळीच्या पानात ओले काजू ठेवलेले होते, सोललेले. काकांचा राग जायचा तो असा, काही न बोलता.

तरीपण ते मुद्दा सोडणाऱ्यांपैकी नव्हते. रापणीच्या दोन फोटोंच्या चौकटी कधीतरी साफसफाईत एकमेकांत बदलल्या गेल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही ते कळलं नसतं. काका रोज त्या दोन फोटोंपुढे क्षणभर थांबत आणि मान हलवत. "ह्याची चौकट तेका, तेची ह्याका. दोघांचोव संसार बिघडलो," असं म्हणून पुढे जात. बदलून का टाकत नाही, विचारलं तर म्हणाले, खंय लिवललाच नाय कोणाची कोणती, मगे मी सांगतंय म्हणान कोण ऐकतलो? हा टोला मला होता.

स्टँडला ते पाट म्हणत. देवाला पाट लागतो, तसा वस्तूला. बघायला आलेली मंडळी बाहेर पडू लागली की हे दारात उभे. काय काय बघितलंत म्हणून विचारत. होडी, मुखवटे, गंजिफा, असं लोक सांगत. पाटाचं नाव कुणीच काढलं नाही की यांची कळी खुलायची. "पाट दिसलो नाय, म्हणजे बरो बसलो." एकदा पुण्याच्या कुणी बाईंनी 'स्टँड किती सुंदर आहे हो' असं कौतुक केलं, तर त्या गेल्याबरोबर यांनी तो स्टँड काढून रंधायला घेतला.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या चुकीची आहे, त्यामुळे जरा लांबवत होते.

काकांचा एक नियम होता. मिरग लागला की दसऱ्यापर्यंत एकही पेटी उघडायची नाही. "भायर वारो ओलो आसा. तेका आत कित्याक घेतंस?" बरोबरच होतं ते. पण अध्यक्षांना यादी दसऱ्याच्या आधी हवी होती आणि निम्मा संग्रह माळ्यावर पेट्यांत बंद होता. मी तोड काढली. प्रत्येक पेटीवर काकांनी निळ्या पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. तीच बघून भरायचं, आणि दसऱ्यानंतर पेट्या उघडून पडताळायचं.

लाखेची खेळणी, २ डझन. भरलं, चोवीस नग. गंजिफा, १ डझन. भरलं. दशावतारी मुकुट, ५ डझन. इथे मी थोडी थांबले, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. मग विचार केला, अवतार दहा. एका नाटक कंपनीला दहा मुकुट लागत असतील. सहा कंपन्यांनी आपले मुकुट दिले तर झाले साठ. इतकं चोख जमतंय म्हटल्यावर शंका कसली? मुकुट, नग साठ. आणि दसऱ्यानंतरची पडताळणी मी केली नाही. कारण काही नाही, आळस.

शिमगा झाला आणि मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलं. लोकनाट्यावर त्यांचं प्रदर्शन होतं. आपल्या संकेतस्थळावरच्या यादीत साठ दशावतारी मुकुट पाहून आम्ही थक्क झालो, त्यांपैकी बारा मुकुट प्रदर्शनासाठी द्यावेत, अशी विनंती होती. अध्यक्षांनी पत्र आनंदाने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला.

"साठ? मी तर आजवर एकच पाहिला."

काकांना बोलावलं. ऑफिसात तिघंच होतो.

"मुकुट किती आहेत आपल्याकडे?" अध्यक्षांनी विचारलं.

"एक."

"संगणक साठ सांगतोय."

"संगणकान बघल्यान काय?"

मी चिठ्ठीचा फोटो पुढे केला. "काका, हे तुमचंच अक्षर ना? पाच डझन."

"व्हय. पाच डझनच आसा."

"म्हणजे आहेत?"

"आसा म्हणान सांगतंय मा!"

"कुठे?"

"माळ्यार. खंय जातली?"

आज हे लिहिताना मला स्वतःच्या कानाची कीव येते. ते 'जातली' म्हणाले होते. मुकुट असता तर 'जातलो' म्हणाले असते. ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पेटीबद्दल बोलत होते आणि आम्ही मुकुटाबद्दल. शिडी लावून आम्ही वर चढलो. काकांनी पेटी उघडली, लुगड्याची घडी बाजूला केली. आत एक मुकुट होता. सोनेरी, जरा झिजलेला, देखणा.

"बाकीचे एकोणसाठ?" अध्यक्ष म्हणाले.

"बाकीचे कसले?"

"माळ्याची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

अध्यक्ष वाईट माणूस नाही. पण वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. काकांनी तोंडातल्या चुका काढल्या. खाली आले, एकेक करून चुका बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, झाकण लावलं. मग कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"वीस वर्सां झाली माका हंय. एक चूक घराक गेली नाय." ते माझ्याकडे बघत नव्हते, अध्यक्षांकडेही नाही, किल्लीकडे बघत होते. "पेटी मोडली तर दुसरी करतलंय. नाव गेला तर खंयसून आणू?"

आणि छत्री घेऊन चालायला लागले. त्याच संध्याकाळच्या एसटीने ते काकींना घेऊन देवगडकडे गावी गेले. इकडे तीन रस्त्यांच्या तिठ्यावरच्या हॉटेलात दोन दिवसांत साठाचे शंभर मुकुट झाले. त्यात हिरे किती होते यावर चर्चा चालू होती. कुणी काकांना चोर म्हटलं नाही, पण 'एवढ्या वर्षांचा माणूस, कोण बघायला जातोय' असं एक वाक्य मी स्वतः ऐकलं आणि चहा अर्धा टाकून उठले. मला आतून माहीत होतं की हा माणूस वाकडा खिळासुद्धा घरी नेत नाही. पण मग चिठ्ठीवर पाच डझन का? मी चिठ्ठी पेटीवरून काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती आणि येता-जाता तिच्याकडे बघत होते.

चौथ्या दिवशी अध्यक्ष माझ्या समोर बसून एका बागायतदाराला फोनवर आंबे सांगत होते. त्यांची लेक पुण्याला असते, तिच्याकडे पाठवायला.

"पाच डझन एक. चार डझन दोन. हो, आणि जावयाच्या ऑफिसात द्यायला दोन डझन दोन. नाही रे, कसले खोके, लाकडीच पाठव, पूर्वीसारखी."

मी म्हटलं, "सर, पाच डझन एक म्हणजे काय?"

"पेटी गं," अध्यक्ष फोन ठेवत म्हणाले. "पाच डझन आंबे मावतील ती पाच डझन. इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल तुला, पेटीचं माप हे..."

त्यांची नजर काचेखालच्या चिठ्ठीवर गेली. ऑफिसात कधी प्रमाण मराठी न सोडणारे अध्यक्ष डोक्याला हात लावून म्हणाले, "काय ह्या, म्हाराजा!"

मी घाटावरची, मला माफी होती. ते देवगड हापूसवर वाढलेले, जन्मभर डझनात पेट्या मोजलेले. संगणकाच्या पडद्यावर साठ दिसले म्हटल्यावर त्यांना आपली भाषाच आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एसटीत बसलो. वाटेत अध्यक्ष खिशातली किल्ली अधूनमधून चाचपत होते. काकांच्या अंगणात शेजारच्या बागेतले आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरणं चाललं होतं आणि त्यांच्याकडे पाठ करून काका पायरीवर बसले होते, समोर दगड, हातात हातोडी. काकी बाहेर आल्या.

"बरा झाला इलात ता. चार दिस चुका सरळ करीत बसलेत. आता घरात वाकडी चूक एक उरली नाय, म्हणान बऱ्यो चुको वाकड्यो करून परत सरळ करतत."

मी पुढे झाले. "काका, चूक झाली."

काकांनी वर पाहिलं. "खंयची? पितळेची काय लोखंडाची?"

ते गंमत करत होते की खरंच विचारत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, दहा अवतार, सहा कंपन्या, साठ नग, अध्यक्षांचा फोन. काका ऐकता ऐकता हसायला लागले. इतके हसले की तोंडातल्या चुका अंगणभर उडाल्या आणि काकींना त्या वेचाव्या लागल्या.

"साठ मुकुट! गो चेडवा, साठ मुकुट पाच डझनी पेटयेत मावतत काय? एवढा तरी बघूचा मा?"

आपल्यावर संशय घेतला, यापेक्षा पेटीचं माप न बघता काहीतरी लिहिलं, याचं त्यांना जास्त वाटत होतं. मग हसू थांबलं. दगडावरची चूक उचलून त्यांनी ती उन्हात धरली, सरळ झाली की नाही ते बघायला.

"वाकडी झाली तर सरळ करूची. टाकूची कित्याक? पण मी तुका पयल्याच दिसाक सांगितललंय, पेटयेक नंबर दी. तुझ्या संगणकात पेटयेक जागा असती तर डझन थंय जावन बसले असते. तेंका घर नाय, मगे ते मुकुटाच्या घरात घुसले."

माझ्या दोन वर्षांच्या पदवीत मला हे कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी हात जोडले. काकांनी ते घाईघाईने खाली केले, "तुमी गुरुजी, ह्या काय करतास," म्हणाले. अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढली. काकांनी ती लगेच घेतली नाही. माझ्याकडे बघितलं.

"नंबर देईन," मी म्हटलं. "पेटीला, चौकटीला, पाटाला. सगळ्यांना."

मग घेतली. आणि अध्यक्षांनीही त्यांच्या बाजूचं केलं. परत आल्यावर तिठ्यावरच्या हॉटेलात उभं राहून सगळी हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, स्वतःच्या फजितीसकट. तिठ्याने ती आनंदाने उचलली. महिनाभर अध्यक्ष दिसले की कुणीतरी विचारायचं, "गुरुजी, मुकुट किती डझन धाडू?"

कामाला लागलो. सगळ्यात आधी या रकान्याला नाव काय द्यायचं, यावर अडलं. मी 'प्रदर्शन उपसाधने' असं काहीतरी लिहिलं होतं. काकांनी ते मोठ्याने वाचून बघितलं आणि चेहरा आंबट केला. "बिऱ्हाड लिव," म्हणाले. वस्तूचं बिऱ्हाड. मी तेच ठेवलं. प्रत्येक वस्तूच्या नोंदीला तिचं बिऱ्हाड जोडलेलं: पेटी कुठली, चौकट कुठली, पाट कुठला. आणि पेट्या, चौकटी, पाट यांची स्वतःची वेगळी नोंद, स्वतःचा क्रमांक. रिकामी असली तरी पेटी कुठे आहे ते दिसायचं. माप डझनात. कारागीर असाही एक रकाना केला, चौकटी कुठल्या सुताराच्या हे काकांना तोंडपाठ होतं म्हणून. संगणकवाल्या कंपनीच्या मुलाचा फोन आला, मॅडम, मापाच्या यादीत सेंटिमीटर, इंच आणि तिसरं डझन आहे, हे चुकून आलंय का? मी म्हटलं, नाही, ते चुकून गेलं होतं, आता आलंय.

पहिल्याच आठवड्यात ते दोन फोटो आपापल्या चौकटींत परत गेले. काकांनी दोघांचा संसार सुखाचा झाल्याचं मला येऊन कळवलं.

मुंबईकरांना सगळं कळवलं होतं. त्यांनी दिलदारपणे हसून एकच मुकुट मागितला. तो पेटी क्रमांक सतरामधून गेला, पाच डझनी. प्रदर्शन संपलं, मुकुट परत आला. चकचकीत प्लायवूडच्या खोक्यात, चारी बाजूंनी स्पंज लावून. काकांनी खोकं उघडलं, मुकुट बाहेर काढला, खोक्यात हात घालून तळापर्यंत बघितलं.

"मुकुट इलो. पेटी खंय?"

अध्यक्ष म्हणाले, जाऊ द्या, त्यांनी तर झकास नवी दिली आहे. काका माझ्या टेबलापाशी आले. मी क्रमांक सतरा उघडला. पडद्यावर लाल अक्षरांत होतं: बाहेर, परत आलेली नाही. काकांनी त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि अध्यक्षांकडे बघितलं. त्यांचा विजय पूर्ण होता. मी पत्र लिहिलं.

उत्तरासोबत फोटो आला. त्या लोकांनी फार मनापासून क्षमा मागितली होती. मुकुट काढल्यावर पेटीच सगळ्यांना इतकी आवडली की त्यांनी ती दुसऱ्या दालनात मांडली, आणि ती तुमच्याकडे नोंदलेली वस्तू आहे हे ध्यानातच आलं नाही, असं लिहिलं होतं. फोटोत काकांची पेटी पांढऱ्या उंच स्टँडवर बसली होती. वरून दिव्याचा झोत. शेजारी पाटी: लाकडी पेटी, आंब्याच्या पेटीच्या घडणीची. सिंधुदुर्ग. कारागीर अज्ञात.

काकांनी माझा फोन दोन्ही हातांत धरला. बोटांनी फोटो मोठा केला, फटी बघितल्या, कोपरे बघितले. मग पाटीवर आले.

"अज्ञात म्हणजे काय गो?"

"कुणी केली ते माहीत नाही, असं."

पाट दिसला नाही म्हणजे बरा बसला, असं वीस वर्षं सांगत आलेला माणूस. मला वाटलं, आताही तेच म्हणतील. काकांनी तोंडातल्या चुका काढून हातात धरल्या. मग म्हणाले, "तेंका सांग, उलटी करून बघा."

मी फोन लावला. पलीकडच्या बाई सज्जन होत्या. धरा हं, म्हणाल्या, माणसं बोलावली, हातमोजे घातले, पेटी उचलून पालथी केली. मग हसल्याचा आवाज आला. खालच्या फळीवर निळ्या पेन्सिलीने नाव होतं, गावाच्या नावासकट. बागायतदार आपापल्या पेटीवर घालतात तसं. बाईंनी ते फोनवर मोठ्याने वाचलं आणि काकांनी "व्हय," असं उत्तर दिलं, शाळेत हजेरी देतात तसं. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच कळफलक पुसत बसले.

चार दिवसांनी नवा फोटो आला. पाटी बदललेली. अज्ञात गेलं होतं आणि तिथे त्यांचं पूर्ण नाव आलं होतं, वडिलांच्या नावासह. काकांनी तो फोटो खूप वेळ बघितला. मी वाट बघत होते, काहीतरी बोलतील म्हणून.

"पेटी ज्या पाटार ठेवली हा, तो बरो आसा," ते म्हणाले. "तेचो नंबर घातल्यानी काय, ता विचार."

पुढे पेटी परत आली, मुंबईकरांनी खास तिच्यासाठी केलेल्या आणखी मोठ्या पेटीत बसून. काकांनी त्या मोठ्या पेटीलाही क्रमांक द्यायला लावला. आमच्या संगणकात ती 'पेटीची पेटी' या नावानेच आहे, आणि ज्यांना माहीत नाही ते तिथे बाजाची पेटी शोधायला जातात.

आता काका निवृत्त होऊन गावी असतात. मीही दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संग्रहालयात आहे, आणि कुणाच्या घरी गेले की भिंतीवरची तसबीर उलटी करून बघायची खोड मला लागली आहे. नवऱ्याला याची लाज वाटते. मध्यंतरी काकांना फोन करून सांगितलं, तुमच्यावर लिहितेय. पलीकडे ठकठक थांबली.

"लिव. पण नाव फुडच्या बाजूक घालू नको. नाव मागसून असता. ज्येका व्हया तो उलटून बघतलो."

म्हणून नाव इथे नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी मालवणजवळ आमच्या जुन्या संग्रहालयात जावं आणि पेटी क्रमांक सतरा दाखवा म्हणावं. माप पाच डझन. नग एक. कारागीर या रकान्यात नाव मी स्वतः भरलं आहे, आणि या खेपेला पेटी पालथी करून, पडताळून भरलं आहे.